जुनी गाडी आणि चोर स्विच
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली. म्हणाले, "तुझ्या धंद्यातलं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल, आणि जेवणाच्या आधी संपव." भाईंदर पूर्वेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना ते ठाऊक आहे, कारण पावसाळ्यात गाडी सुरू झाली नाही की तुमचा फोन येतो. एरवी येत नाही, तो भाग वेगळा. तर गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्याच बॅचच्या पाच-सहा जणांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला. "वडिलांची जुनी गाडी आहे. विकायची नाही. रोज चालवत नाही. बिल्डिंगच्या बाहेर उभी असते. चोरीला जाऊ नये म्हणून काय करता येईल, आणि स्वस्तात?" प्रत्येकाला मी दुकानात उभ्या उभ्या तुकड्यातुकड्यांनी उत्तर दिलं. आज ते एकत्र सांगतो.

आपण १९८५ साली दहावी झालो. त्याच वर्षी जून महिन्यात इथल्या ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगर परिषद झाली. तेव्हा आपल्या शाळेच्या रस्त्यावर गाड्या किती होत्या आठवतंय? डॉक्टरांची फियाट, मिठागरवाल्या शेठची ॲम्बेसेडर, आणि लग्नसराईत फुलं लावून येणारी एखादी भाड्याची. कोणाची गाडी कुठे निघाली हे अख्ख्या गावाला कळायचं, त्यामुळे गाडीची चोरी हा विषयच नव्हता. आता मीरा रोडला शांतीनगरसारख्या भागात रात्री अकरानंतर फिरून बघा. जुन्या चार मजली इमारती, खाली पार्किंग नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून. त्यातली एक कमी झाली तर कोणाला कळणार? ज्याची गेली त्याला, तेही सकाळी. बाकीच्यांना जागा मिळाल्याचा आनंद.

मघाशी चहाच्या वेळी मी सहज मोजलं. आपल्यात चार जणांकडे पद्मिनी आहे, एकाकडे ॲम्बेसेडर, आणि तिघांकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. मारुतीला जुनी गाडी म्हटल्यावर काही जण हसलात, पण पहिली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली. आपण तेव्हा नववीत होतो. आपण जुने झालो तर तीही झाली.

पद्मिनी तर आपल्या शेजारची. १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती 'फियाट ११००' म्हणून बनत होती, मग काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी'. १०८९ सीसीचं इंजिन, सगळी यंत्रणा उघडी, पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं की दुपारपर्यंत दुरुस्त. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आणि गंमत बघा, उतरली त्या दिवसापासून तिची किंमत वाढली. जो बंपर, जी पुढची जाळी, जो मीटर पूर्वी भंगारात किलोवर जायचा, तो आता हौशी लोक शोधत फिरतात. म्हणजे जुनी गाडी चोरणाऱ्याला दोन गिऱ्हाइकं आहेत. एक भंगारवाला, त्याला गाडीचं लोखंड हवं. दुसरा सुट्या भागांचा व्यापारी, त्याला गाडीचं सगळंच हवं. नवी गाडी चोरून परराज्यात विकायची तर कागदपत्रांची उठाठेव करावी लागते. जुनीचे एका रात्रीत तुकडे होतात.

आता चोरी होते कशी? प्रकार दोनच. चालवून नेणं आणि ओढून नेणं. चालवून नेणाऱ्याला जुनी गाडी हा खेळ आहे. हल्लीच्या गाडीच्या किल्लीत चिप असते, ती ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. पद्मिनीच्या किल्लीत पितळेशिवाय काही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक पद्मिनींमध्ये किल्ली डॅशबोर्डात लागते, ती काढली म्हणून स्टिअरिंग अडकत नाही. पुढच्या दाराची ती तिकोनी छोटी काच, जिच्यातून आपले वडील सिगारेटची राख बाहेर झटकायचे, तीच चोराचा दरवाजा. आत शिरला की वायर डायरेक्ट करायला जाणकाराला फार वेळ लागत नाही.

ओढून नेणं त्याहून सोपं. आपल्याच वर्गातल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. तो इथे बसला आहे, त्याला विचारूनच सांगतोय, नाव घेत नाही. त्याच्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून १९७८ ची पद्मिनी घेतली होती, सेकंडहँड. वडील गेले, गाडी राहिली. दर रविवारी हा ती सुरू करायचा, पुसायचा, कव्हर घालायचा. जुलैत एका मुसळधार पावसाच्या रात्री गाडी गेली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी पहाटे तीनला टोचन लावणारा ट्रक पाहिला होता. दोन माणसं, अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं. काकांना वाटलं, वाहतूक पोलीस असतील. सकाळी गाडीचं कव्हर नीट घडी करून गटाराच्या कठड्यावर ठेवलेलं सापडलं. ती घडी त्याच्या मनातून अजून जात नाही. कुणीतरी अगदी निवांतपणे, वेळ काढून गाडी नेली होती.

पुढचं ऐका, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. गाडीचा विमा होता, पण थर्ड पार्टी. तेवढाच कायद्याने सक्तीचा, आणि जुन्या गाडीचा बहुतेक जण तेवढाच काढतात. थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. त्याला एक रुपया मिळाला नाही. समजा पूर्ण विमा असता, तरी गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची विम्यातली किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, आणि सर्वसाधारण पॉलिसीत ती फारच किरकोळ लावली जाते. विंटेज गाड्यांसाठी आधी किंमत ठरवून घेतलेली पॉलिसी मिळू शकते, पण त्यासाठी मूल्यांकन आणि खटपट आली. म्हणजे नव्या गाडीचा मालक चोरी झाली तर विम्याकडे बघतो. जुन्या गाडीच्या मालकाला बघायला कुलपाशिवाय काही नाही. म्हणून मी म्हणतो, जी रक्कम तुम्ही सीट कव्हरवर उडवता तेवढी कुलपांवर घाला.

सुरुवात फुकटच्या उपायापासून करू. बॉनेट उघडलं की इंजिनावर एक काळी टोपी दिसते, तिच्यातून प्लगच्या जाड वायरी निघतात. आम्ही गॅरेजवाले त्याला डेल्को म्हणतो, पुस्तकात डिस्ट्रिब्यूटर. टोपीच्या दोन क्लिपा काढल्या की आत अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, रोटर. फिरत फिरत प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देण्याचं काम त्याचं. तो उपसून खिशात टाका आणि टोपी परत लावा. आता जगातला कुठलाही चोर कुठलीही वायर कुठेही जोडू दे, गाडी सुरू होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैनिक छत्रीने उतरतील या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवायची सक्ती होती. तेव्हा लोक हेच करत, रोटर काढून घरी नेत. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे जमणार नाही. पण ज्याची गाडी रविवारी एकदाच बाहेर निघते, त्याला याच्यासारखा उपाय नाही. एकच करा, एक जादा रोटर घरी ठेवा. पद्मिनीचा रोटर मिळतो अजून, पण मागाल त्या दिवशी मिळेल असं नाही.

आता चोर स्विच. हा शब्द कोणी काढला माहीत नाही, पण मुंबईच्या कुठल्याही गॅरेजमध्ये तो चालतो. कोटाला चोरखिसा असतो, तसा गाडीला चोर स्विच. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जरा धीटपणे सांगतो. बाई, तुम्ही आठवीत एक सेल, एक बल्ब आणि तांब्याची पट्टी घेऊन आम्हाला मंडल दाखवलं होतं. पट्टी उचलली की बल्ब विझायचा. चाळीस वर्षं मी तीच पट्टी विकतोय. बॅटरीतून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलकडे जातो, कॉइलमधून डेल्कोच्या पॉइंटकडे आणि तिथून बॉडीमार्फत परत बॅटरीकडे. हे मंडल कुठेही तोडलं की ठिणगी नाही. किल्ली आणि कॉइल यांच्या मधल्या वायरीवर एक लपवलेला स्विच बसवायचा, झाला चोर स्विच. सामान शे-दोनशे रुपयांचं.

पण शे-दोनशे रुपयांतही फरक असतो. कॉइल तीन-चार ॲम्पिअर ओढते, त्यामुळे घरातला बेलचा स्विच इथे चालत नाही. दहा ॲम्पिअरच्या वरचा घ्या. वायर दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची. जोड नुसता पिळून टेप मारलेला नको, डाख द्या आणि वर स्लीव्ह चढवा. कारण हा जोड चालत्या गाडीत सुटला तर इंजिन काशिमीऱ्याच्या चौकात, मागे कंटेनर असताना बंद पडेल. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खाडीची हवा. एका बाजूला वसईची खाडी, आसपास मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र. ठाण्याच्या गाडीत दहा वर्षं टिकणारा स्विच आपल्याकडे तीन पावसाळ्यांत हिरवा पडतो. बंद डब्यातला, रबरी टोपीचा स्विच घ्या आणि टोकांना पेट्रोलियम जेली लावा. मूळ हार्नेस कापू नका, जोडपट्टीने मध्ये घाला, म्हणजे उद्या काढून टाकला तर गाडी होती तशी. जुन्या गाडीचं मूळपण हीच तिची किंमत आहे.

स्विच लपवायचा कुठे? डॅशबोर्डच्या खाली नको. चोराचा हात पहिला तिथेच जातो. मला विचाराल तर लपवूच नका, उघड्यावर ठेवा. जुन्या गाडीत एखादं बटण असतंच जे कशालाच जोडलेलं नसतं, कधीकाळी लावलेल्या फॉग लॅम्पचं किंवा बंद पडलेल्या पंख्याचं. तेच चोर स्विच करा. आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. फक्त एकाला.

ज्याला जुन्या गाड्या नीट कळतात असा चोर मात्र या स्विचला फसत नाही. तो बॉनेट उघडतो आणि बॅटरीपासून कॉइलला नवीन वायर देतो, म्हणजे तुमचा स्विच बाजूला पडला. त्याच्यासाठी उलटी जोडणी आहे. कॉइलकडून पॉइंटकडे जाणाऱ्या बारीक वायरीला एक फाटा काढायचा आणि लपवलेल्या स्विचमार्फत तो बॉडीला अर्थ करायचा. पॉइंट उघडझाप करतात म्हणून ठिणगी पडते. अर्थ केला की ते उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. वरून कितीही वायरी दिल्या तरी ठिणगी नाही, आणि तोडलेली वायर शोधत बसलेल्याला तोडलेली वायर सापडतच नाही, कारण काही तोडलेलंच नसतं. मला स्वतःला ही जोडणी फार आवडते. तोटा एक: या स्थितीत किल्ली चालू ठेवून बराच वेळ गेला तर कॉइल तापते. त्यामुळे आपण स्वतः विसरून सेल्फ मारत बसायचं नाही.

डिझेलवाल्यांनी मात्र थांबा. डिझेल ॲम्बेसेडरला कॉइल नाही, ठिणगी नाही, त्यामुळे वरचं काहीही लागू नाही. तिथे डिझेलच अडवावं लागतं. पेट्रोल गाडीतही नळीवर छोटा कॉक बसवता येतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावर चालतो, विजेवर नाही, म्हणून तिथे स्विच नाही, कॉकच लागतो. कॉक बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते आणि मग रस्त्याच्या मधोमध आचके देऊन बंद पडते. चोराची फजिती होते हे खरं, पण नळीवर जोड वाढवणं म्हणजे गळतीची जागा वाढवणं. माझ्या मनात हा उपाय दुसऱ्या नंबरचा, तोही चांगल्या फिटरच्या हातून.

बॅटरीचा कट-ऑफ तर सगळ्यांनीच लावा, चोर असो नसो. निगेटिव्ह टोकावर बसणारा फिरकीचा स्विच असतो, फिरकी काढून खिशात टाकता येते. दोन-चारशे रुपयांत येतो. बॉनेट उघडणाऱ्या चोराला तो दिसतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पण जुन्या वायरींचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, त्यात आपल्या भागातले उंदीर. उभ्या गाडीला आग लागते ती अशीच. शिवाय महिनाभर उभी असलेली बॅटरी उतरत नाही. माझा धंदा कमी होईल, पण सांगतो.

इथपर्यंत झाली चालवून नेणाऱ्याची व्यवस्था. ओढून नेणाऱ्याला ठिणगीशी देणंघेणं नाही. त्याच्यासाठी लोखंड लागतं.

बाजारात स्टिअरिंगला आडवा लावायचा दांडा मिळतो. लाल-पिवळा घ्या, लांबून दिसला पाहिजे, त्याचं निम्मं काम दिसण्यानेच होतं. पण जुन्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे पातळ सळईवर चढवलेलं प्लॅस्टिक. ज्याच्याकडे करवत आहे तो दांडा कापत नाही, स्टिअरिंग कापतो. मग गाडी वाचली तरी तसं स्टिअरिंग पुन्हा शोधत फिरा. म्हणून मी पेडल लॉकला जास्त मानतो. क्लच आणि ब्रेक एकमेकांना जखडून ठेवतो. गिअरचं कुलूप विकत घेताना सांभाळा. दुकानदार जे देतो ते जमिनीवरच्या गिअरसाठी असतं, आणि जुन्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीला. दोघांनी आणून परत केलं आहे. काहीच नको असेल तर मोटरसायकलची जाड साखळी स्टिअरिंगच्या आरीतून खाली ब्रेकच्या पेडलला घालून कुलूप लावा. दिसायला गावठी, पण काम चोख.

आता गाडी उभी करायची पद्धत. याला पैसे लागत नाहीत. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरची मागची चाकं इंजिनाला जोडलेली असतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, म्हणजे मागची चाकं अडली. पुढून उचलून ओढायला गेला तर मागची चाकं घासत येतील. मग तो मागून उचलेल. म्हणून पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळवून मग स्टिअरिंग जखडा. मागून उचलून ओढली तर गाडी सरळ जाणार नाही, गोल फिरेल. दोन्ही केलं तर त्याला अख्खी गाडी उचलून ठेवायचा ट्रक आणावा लागतो, आणि तो गल्लीत सहज वळत नाही. मारुतीचं उलट आहे, तिची पुढची चाकं इंजिनावर आणि मागची हँडब्रेकवर, त्यामुळे ती आपोआपच जास्त अडते. वर चाकाला लावायचा क्लॅम्प मिळाला तर उत्तम. हजार-दोन हजारांचा खर्च आहे, पण महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाडीला तो हवाच. आणि ती तिकोनी काच! तिच्या खिट्टीला आतून एक छोटी पत्र्याची पट्टी स्क्रूने मारून घ्या. दहा मिनिटांचं काम.

जीपीएसबद्दल सगळे विचारतात. लावा, जरूर लावा, पण त्याने चोरी थांबत नाही. गाडी कुठे गेली ते कळतं, तेही तुकडे व्हायच्या आत बघितलं तर. कट-ऑफ बंद केला की गाडीची वीज जाते, म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र घ्या. फोनला जोडलं जाणारं ते बटणाएवढं टॅगही चालतं. आपल्या दाट वस्तीत त्याला आसपासचे फोन भरपूर मिळतात. मात्र ते चोराच्या फोनलाही चुगली करू शकतं. भोंग्याच्या अलार्मवर मी वेळ घालवत नाही. गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके, आणि अलार्म वाजला की खाली बघण्याऐवजी लोक खिडकी बंद करतात.

विमेवाल्यांकडे चोरीविरोधी उपकरणाला सवलत असते. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं उपकरण बसवलं असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता, त्यावर अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये. आपल्या चोर स्विचला ती मिळत नाही. पाचशे रुपयांसाठी कोणी पाच हजारांचं यंत्र घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी उपकरणांच्या दुकानात मिळत नाही. चोर आधी चार-आठ दिवस गाडी बघतो. टायरात हवा कमी, काचेवर धूळ, वायपरखाली पिंपळाची पानं, म्हणजे मालकाचं लक्ष नाही. शिवाय अशी गाडी महापालिकेलाही बेवारस वाटते. नोटीस चिकटवून बेवारस वाहनं उचलण्याची मोहीम निघाली की तुमची गाडी कायदेशीररीत्याच उचलली जाईल, आणि शेजारी म्हणतील, बरं झालं. म्हणून आठवड्यातून एकदा पुसा, सुरू करा, जमलं तर दोन हात पुढे-मागे उभी करा. वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवा, की ही गाडी माझी आहे आणि टोचन लावायला कोणीही आलं, अगदी जाकीट घालून आलं, तरी आधी मला फोन कर. मित्राच्या काकांना कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

आता कागद. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण आपल्या वयाला हे लागू आहे. तुमच्यातल्या तिघांच्या गाडीच्या आरसीवर अजून वडिलांचं नाव आहे, आणि वडील जाऊन वर्षं झाली. नियमाप्रमाणे मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. हे राहिलं असेल तर दंड-विलंब जो असेल तो भरून या महिन्यात करा. का ते सांगतो. समजा गाडी चोरीला गेली आणि नशिबाने सापडली. पोलीस ती तुम्हाला तशीच देत नाहीत, न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर सोडवून घ्यावी लागते. तिथे पहिला प्रश्न, मालक कोण? मेलेल्या माणसाची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत पडते. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव नोंदवायची सोय झाली आहे, ती आपल्या मुलांसाठी करून ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तेही बघा.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांच्या पुढे गेली आहे त्यांना विंटेज म्हणून नोंदणी करता येते. २०२१ च्या नियमांनुसार नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, शुल्क वीस हजार रुपये. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. बायकोला बाजारात न्यायची असेल तर विंटेज करू नका.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तशी प्रिंट काढून घरी ठेवा. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आणि एखादी खूण, म्हणजे डाव्या दाराच्या आतला पोचा किंवा वडिलांनी चिकटवलेला देवाचा स्टिकर, त्याचाही फोटो. भंगाराच्या ढिगातून आपला दरवाजा ओळखायचा असेल तर हीच खूण कामाला येते.

आणि एवढं करूनही गेली तर? आधी खात्री करा, वाहतूक पोलिसांनी किंवा पालिकेने तर उचलली नाही ना. पाच मिनिटं, जास्त नाही. मग ११२. आपल्या गावाची रचना आठवा. काशिमीऱ्याला पोचलेली गाडी उजवीकडे दहिसरला मुंबईत शिरते, डावीकडे वर्सोव्याच्या पुलावरून वसईकडे, आणि घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे. पहिल्या तासात नाक्यांवर कळलं तर आशा. फास्टॅगवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ पासून दहिसरला छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे तिथे पैसे कापल्याचा मेसेजच येत नाही, आणि सराईत चोर टॅग आधी खरवडून काढतो. लगेच मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या जवळच्या ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, आपल्या वकील मित्राच्या भाषेत जुनं ३७९. अर्जाची प्रत आणि पोच घ्या. चोरलेल्या गाडीने कुठे अपघात केला तर ती पोच तुमच्या कामी येईल.

संयोजक घड्याळ दाखवतायत, म्हणून थांबतो. जेवणानंतर मागच्या मैदानात माझी पेटी उघडी असेल. सहा स्विच, वायर, डाखाची कांडी आणि तीन कट-ऑफ आणले आहेत. पैसे सामानाचे द्या, मजुरी नको. पहिली बाईंची मारुती, मग ॲम्बेसेडर, पण ती पेट्रोल असेल तरच, आणि मग पद्मिनीवाल्यांनी आपसात चिठ्ठ्या टाकाव्या. स्विच कुठे बसवायचा ते ठरवताना गाडीजवळ मी आणि मालक, एवढेच. बाकीच्यांनी तेवढा वेळ आइस्क्रीम खायला जावं.